सोळा वर्षांची फेरी

नारायणगावात आमचा कट्टा पिंपळाच्या पारावर भरतो. टोमॅटोची गाडी भरून दिली की नाना येतो, दुकान पोराच्या ताब्यात देऊन मोबाइलवाला पिंट्या येतो. गणित शिकवून निवृत्त झालेले सर तर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असतात. परवा पिंट्यानं कृष्णविवराचा तो नारिंगी फोटो मोबाइलवर काढला आणि सरांसमोर धरला.

"सर, असला फोटो मी दुकानात पाच मिनिटांत करून देतो. ज्यातून उजेडच बाहेर पडत नाही त्याचा फोटो कसला?"

"दोन गोष्टी तुझ्या बरोबर आहेत," सर म्हणाले. "रंग मागून भरलाय, चित्र रेडिओलहरींचं आहे, त्यांना कुठला आलाय रंग! आणि कॉम्प्युटरशिवाय ते चित्र झालंच नसतं. पण पाच मिनिटांत नाही झालं. एप्रिल 2017 मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी एकाच वेळी एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवरावर नेम धरला. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा थोरला मेळावा. माहिती एवढी जमली की नेटवरून धाडणं शक्य नव्हतं, हार्डडिस्क विमानानं न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या. मग चार गटांनी एकमेकांशी अक्षर न बोलता चित्रं बनवली. चारही चित्रांत कडं आलं."

"चौघांनी एकच अ‍ॅप वापरलं तर एकच फोटो येणार की."

"पद्धतीही एकच नव्हती रे."

इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं त्या फोटोवरून कशाला भांडताय? फोटो जगासमोर आला हे छानच झालं. पण उद्या तो कुणी खोडून टाकला तरी कृष्णविवराला धक्का लागत नाही. खरा पुरावा त्याच्या शेजाऱ्यांच्या वागण्यात आहे, आणि तो फोटोच्या कितीतरी आधी हातात आलाय.

नाना इतका वेळ गप्प होता. "आरं, पण जे दिसत नाय त्याचं वजन करायचं कसं? काट्यावर ठेवायला माल तर पाहिजे ना?"

सरांनी हात पुढं केला. "पट्टी दे तुझी." नानाच्या खिशातली मार्केटची हिशेबाची पट्टी त्यांनी उलटी करून मांडीवर ठेवली आणि मधोमध एक ठिपका काढला. "हा आपल्या आकाशगंगेचा मध्य. इथून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षं लांब. मधे इतकी धूळ की साध्या उजेडात काही दिसत नाही, अवरक्त किरणांत बघावं लागतं. इथं एस-2 नावाचा तारा आहे. तो या ठिपक्याभोवती फिरतो, आणि ठिपक्यात तर कुठला तारा दिसत नाही." भोवती त्यांनी लांबट वर्तुळ काढलं, ठिपका एका टोकाजवळ येईल असं.

"फेरीला वर्षं किती? सोळा. सोळा गुणिले सोळा?"

"दोनशे छप्पन," पिंट्या म्हणाला.

"कक्षेची सरासरी त्रिज्या, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे हजारपट. हजाराचा घन?"

"शंभर कोटी."

"त्याला दोनशे छप्पननं भाग दे."

पिंट्यानं मोबाइलवर भागाकार केला. एकोणचाळीस लाख आणि काही.

"इतक्या सूर्यांचं वजन त्या ठिपक्यात आहे," सर म्हणाले. "केप्लरचा नियम आहे, अंतराचा घन भागिले वर्षांचा वर्ग. पृथ्वीला लावलास तर एक भागिले एक, म्हणजे एक सूर्य. बारकाईनं मोजून शास्त्रज्ञांनी काढलेला आकडा चाळीस लाखांच्या जरा वर आहे."

नाना त्या पट्टीकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं ते मला फार आवडलं. "आन् तिथं चाळीस लाख विझलेले तारे गोळा झाले असतील तर?"

नानाची ही शंका अगदी रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही तिचं उत्तर द्यावंच लागलं. 2018 च्या मे महिन्यात एस-2 त्या ठिपक्याच्या अगदी जवळून गेला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 120 पट अंतरावरून. वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे ते सगळं वजन तेवढ्या जागेच्या आत मावलेलं असणार. तिथं इतके मेलेले तारे कोंबले तर तो घोळका टिकत नाही, आपटून आणि एकमेकांना बाहेर भिरकावून विस्कटतो. शिवाय एस-2 ची कक्षा दर फेरीला किंचित वळते, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून येते तेवढीच. हे 2020 मध्ये जाहीर झालं.

आणि हे एकाच टोळीनं सांगितलेलं नाही. राइनहार्ड गेन्झेल यांचा गट चिलीतून बघत होता, अँड्रिया गेझ यांचा हवाईतून. दोघांत चुरस होती, तीही 1990 च्या दशकापासून. दोन्हीकडून उत्तर एकच आलं. 2020 चं अर्धं नोबेल या दोघांत वाटलं गेलं, उरलेलं अर्धं रॉजर पेनरोज यांना मिळालं. एका ताऱ्याच्या एका फेरीसाठी इतकी वर्षं डोळे लावून बसणं, हे मला कुठल्याही फोटोपेक्षा मोठं वाटतं.

"मग एक दिवस आपल्यालाबी गिळणार ते," नाना म्हणाला. नाही गिळणार. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आपल्या वाटेनंच फिरेल. जो अगदी जवळ जातो त्याचीच खैर नसते.

उलट त्यात पडण्याआधीच भोवतालचा माल बाहेर किती फेकला जातो ते ऐका, मी म्हटलं. ते शोधण्यात आपल्या शेजारच्या खोडदचा हात आहे. भुजंगधारी तारकासमूहात, 39 कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक गुच्छ आहे. दीर्घिकांच्या मधली जागा तप्त वायूनं भरलेली असते आणि तो क्ष-किरणांत दिसतो. अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेला त्या वायूत खळगीसारखी एक कड दिसली. पण तिथून वायू कुणी बाजूला सारला ते रेडिओनं सांगायचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या आणि आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा त्या खळगीत रेडिओलहरी सोडणारे कण भरलेले आढळले. मधल्या दीर्घिकेतल्या कृष्णविवरानं कधीकाळी झोत सोडून ती पोकळी कोरली होती. आपली आकाशगंगा एकाशेजारी एक अशी पंधरा वेळा मावेल एवढी. 2020 मध्ये ही बातमी आली तेव्हा बिगबँगनंतरचा ज्ञात असलेला सगळ्यात मोठा स्फोट म्हणून आली.

"त्या जाळीच्या तबकड्यांतून?" नाना म्हणाला. खोडदच्या वाटेवर त्याचं रान आहे. पंचेचाळीस मीटरच्या त्या तबकड्या दिवसाढवळ्या मान वळवताना तो रोज बघतो.

"त्यातूनच. रेडिओला ना रात्र लागते ना निरभ्र आभाळ."

पिंट्या बराच वेळ पट्टीवरचा आकडा बघत होता. "सर, मोठ्या दीर्घिकेत मोठंच विवर असतं का?"

"बहुतेकदा. दीर्घिकेचा मधला ताऱ्यांचा फुगवटा जितका जड, तितकं विवर जड."

"मग आधी कोण? विवर की दीर्घिका?"

सर म्हणाले विवर. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली चांगली वजनदार विवरं दिसलीत, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, दोघंही बरोबरीनं वाढली असतील, विवराच्या झोतानं वायू तापला की नवे तारे घडणं मंदावतं, म्हणजे एकाची वाढ दुसऱ्याच्या हातात. सर ऐकेनात. नानानं पट्टी मागून घेतली, उद्या मार्केटात दाखवायची होती म्हणून. पिंट्यानं आधी तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला.