‘रेणू भटकतात’ या वाक्याबद्दल, तासगावच्या सरांना

सर, नमस्कार. ‘पेशीतले रेणू दिशाहीन भटकतात’ हे माझं वाक्य नववीच्या मुलांचा गोंधळ उडवेल, पेशीचं काम इतकं चोख चालतं तर रेणूंना वाट ठाऊक असलीच पाहिजे, असं तुम्ही लिहिलंत. मुलांच्या काळजीपोटी लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते वाक्य मी बदलणार नाही.

दिशा नाही म्हणजे वेग नाही, असं नव्हे. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देत असतात आणि प्रथिन त्या धक्क्यांनी सरकत राहतं. या हालचालीचं गणित आइनस्टाइननं 1905 मध्ये मांडलं: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. सगळी मेख इथेच आहे. ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. आत गर्दी केवढी, तर लिटरमागे तीनशे-चारशे ग्रॅम प्रथिनं आणि आरएनए! अंगारकीला आपल्या गणपती मंदिरात शिरल्यासारखंच. जेलीफिशचं चमकणारं हिरवं प्रथिन तिथे पाण्यातल्यापेक्षा साधारण दहापट हळू सरकतं. तरी या टोकाहून त्या टोकाला जायला त्याला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. एवढ्याशा अंतराला वाट ठाऊक असण्याची गरजच काय?

आता ‘मग साखर नेमकी हवी तिथेच कशी जाते?’ हा तुमचा प्रश्न. साखर जिथे खर्च होते तिथे ती कमी पडते. तिकडून परत येणारे रेणू कमी, तिकडे जाणारे जास्त, म्हणून एकूण ओघ तिकडेच वळतो. यातल्या एकाही रेणूला त्याचा पत्ता नसतो. मला तरी हे वाट ठाऊक असण्यापेक्षा कितीतरी थोर वाटतं.

तुमचं म्हणणं खरं ठरतं ते लांबच्या पल्ल्याला. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत गेलेला चेतातंतू मीटरभर लांब असतो. नुसतं भटकत तिथे पोचायला प्रथिनाला शंभराहून जास्त वर्षं लागतील. म्हणून तिथे कायनेसिन नावाचं प्रथिन माल ओढत नेतं. एका पावलाला आठ नॅनोमीटर, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. असा माल दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. दिशा हवी तर पेशीला इंधन मोजावं लागतं, हे मुलांना जरूर सांगा.

आणि दाखवताही येईल. हायड्रिलाचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवून मध्यशिरेजवळच्या पेशींवर सूक्ष्मदर्शी लावा. काचपट्टी दिव्याखाली थोडी कोमट होऊ द्या. हिरवी हरितलवकं भिंतीच्या कडेकडेनं एकामागून एक फिरताना दिसतील. तो प्रवाहही मायोसिन प्रथिनं एटीपी जाळूनच चालवतात.