लेसर हलतोय? सोलापूरच्या उन्हावर ढकला

प्रयोगशाळेतल्या लेसरची फ्रिक्वेन्सी स्थिर राहत नसेल, तर आधी सोलापूरच्या उन्हाला शिव्या घाला. मे महिन्यात पारा ४३ च्या घरात असतो, उलटतपासणी कोण घेणार? उरलेला दोष शेजारच्या यंत्रमागांच्या नावावर टाका.

मग खर्चाला लागा. समोरासमोर दोन आरसे, मधे यूएलई काचेचा दांडा: ही झाली पोकळी, तिच्या लांबीवर लेसरची फ्रिक्वेन्सी बेतायची. ठरावीक तापमानाला ही काच जवळजवळ फुगतच नाही. सगळं निर्वात भांड्यात ठेवा, लेसरला पोकळीशी बांधून ठेवणारं पाउंड-ड्रेव्हर-हॉल लॉक लावा. पद्धत १९८३ ची आहे, पण मुरलेली. वरून सोलापुरी चादर पांघरा. थट्टा नाही, तापमानाचे चढउतार खरंच संथ होतील आणि उद्घाटनाचा फोटोही झकास येईल.

एवढं करूनही फ्रिक्वेन्सीच्या चढउतारांचा आलेख एका पातळीखाली उतरणार नाही. तेव्हा 'एसी कुणी बंद केला?' म्हणून ओरडा. नुमाता, केमेरी आणि कॅम्प यांचा २००४ चा शोधनिबंध मात्र चुकूनही उघडू नका. उघडलात तर कळेल, की तापमान रेसभर हललं नाही तरी आरशाचा पृष्ठभाग थरथरतच राहतो. पदार्थात जिथे अंतर्गत घर्षण, तिथे उष्णतेची ही थरथर आलीच. आरशाच्या काचेत आणि तिच्यावरच्या काही मायक्रॉनच्या लेपात ती जास्त. १० सेंटीमीटरच्या पोकळीत लांबी साधारण १०⁻¹⁶ मीटरने हलते, प्रोटॉनच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. याला चादर काय करणार?

हिशोब तर मुळीच करू नका. थरथर वाढते ती केल्व्हिनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाने. २० अंशांवरून ४३ वर जाणं म्हणजे २९३ वरून ३१६ केल्व्हिन. बाकी सगळं तेच धरलं तर वाढ जेमतेम ४ टक्के. एवढ्यासाठी आपण सूर्याला वेठीला धरतो!

जर्मनीची मापनसंस्था पीटीबी आणि अमेरिकेत कोलोरॅडोतली जिला या संशोधन संस्थांनी सिलिकॉनच्या स्फटिकाची पोकळी १२४ केल्व्हिनला, म्हणजे उणे १४९ अंशांना नेली. २०१७ मध्ये त्यांच्या लेसरची रेषारुंदी, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पसारा, १० मिलिहर्ट्झच्या आत आली. त्यातही नुसत्या थंडीने थरथर एक तृतीयांशच घटते. मोठी कमाई स्फटिकातल्या कमी घर्षणाची. पण हे साहेबांना सांगू नका. सिलिकॉनच्या स्फटिकापेक्षा दुसरा एसी लवकर मंजूर होतो, आणि जूनमध्ये उकाडा ओसरला तरी दमट हवा आहेच.