म्हातारपणी एकटं राहायचंय? मग एवढं कराच

उतारवयात एकटं राहायचा विचार आहे? उत्तम. घराची चिंता नको, थोडी पथ्यं पाळा म्हणजे झालं.

पन्नाशीतच बोटांचे ठसे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून द्या. माझ्या आत्याला हे सुचलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटल्या आणि भांडी घासली. परवा भाडेकरार नोंदवायला एजंट ते अंगठ्याचं यंत्र घेऊन आला, तर अंगठा लागेचना. उजवा झाला, डावा झाला. "काकू, जरा दाबून." दाबला. "पुसून घ्या." पुसला. मग कोमट पाणी, मग व्हॅसलीन. आधारवाले काय ते बघून घेतील म्हणावं, तर घरमालकाला घाई. सब-रजिस्ट्रारकडे जाऊन नोंदवू म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या हो. उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?" काही झालं म्हणजे मेली तर. हे तिच्यासमोर, ती पदराने अंगठा पुसत असताना!

म्हाडाची सोडत आहेच. घर लागलंच तर कर्ज काढा. बँकेला सगळे हप्ते सत्तर-पंचाहत्तरीच्या आत फिटलेले हवे असतात, तेव्हा वय जरा कमी करून घ्या. ते जमत नसेल तर आमदार व्हा, त्यांच्यासाठी घरं राखीव असतात.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मी काही बोलत नाही.

वृद्धाश्रमात जायचं तर धडधाकट राहा, स्वतःचं सगळं स्वतःला करता आलं पाहिजे. अर्जावर जबाबदार नातेवाईकाची सही लागते. "कोणी नाही म्हणून तर आलोय" असं म्हणू नका, उद्धटपणा दिसतो.

राज्याच्या 2025च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांचा उल्लेख आहे. छापून उशाला घ्या.

आणि 2007चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा! त्यात लिहिलंय की निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक, 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा. तुमच्या जिल्ह्यातला सरकारी वृद्धाश्रम कुठे आहे, शेजाऱ्याला विचारून बघा.

जाऊ दे, आता सरळच बोलते. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, पुढाऱ्यांनो, तुम्ही निवडणुकीत पेन्शनच्या घोषणा केल्या, ज्येष्ठांसाठी बाकडी टाकून त्यांवर स्वतःची नावं रंगवलीत. एक खोली देता आली नाही? आणि घरमालकहो, तुमचं काय? वर्षानुवर्षं फ्लॅटला कुलूप लावून ठेवाल, पण एकट्या बाईला देणार नाही. माझी आत्या अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार होती. पोलीस पडताळणीचे कागद तिने स्वतः आणून दिले होते. जिन्यात तिचा आवाजही आला नसता. लाज वाटत नाही तुम्हाला?