रात्री फोन कुणाला आणि सही कुणाची

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं असतं. कुणीतरी रस्त्यात गुडघाभर पाण्याचा व्हिडिओ टाकतो आणि तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं की नगरसेवक वगैरे भानगडच नको, एक कडक अधिकारी आणा, सगळे अधिकार त्याच्या हातात द्या, बघा कसं सुतासारखं सरळ होतं. दुसरी पार्टी म्हणते सगळं वरून चालवता म्हणूनच ही वेळ येते, खालच्या माणसाला मोकळीक द्या. गंमत म्हणजे हेच लोक स्वतःच्या ऑफिसबद्दल बोलायला लागले की पार्ट्या उलट्या होतात, शहरासाठी ज्याला हुकूमशहा हवा असतो तोच आपला मॅनेजर प्रत्येक ईमेलमध्ये नाक खुपसतो म्हणून दिवसभर करवादत असतो.

मी नेदरलँड्समध्ये असतो, आइंडहोव्हनला. माझी अर्धी टीम इथे, अर्धी पुण्यात. त्यामुळे या भांडणात मला एक ठरलेला डायलॉग ऐकावा लागतो, "तुझं बरंय बाबा, तिकडे लोक आपापलं काम शहाण्यासारखं करतात, बॉस लागतच नाही." हे निम्मं खरं आहे. पण उरलेल्या निम्म्यातच सगळी गोम आहे आणि ते कुणाला ऐकायचं नसतं.

खरं निम्मं आधी सांगतो. इथे ब्यूर्टझोर्ख नावाची संस्था आहे, घरी जाऊन आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसची. योस द ब्लोक नावाच्या माणसाने, जो स्वतः नर्स होता, २००६ साली ती सुरू केली आणि आज तिच्यात दहा हजारांच्या आसपास लोक काम करतात. जास्तीत जास्त बारा जणांची एक टीम, तिच्यावर मॅनेजर नाही. ड्युटी कुणाची कधी, नवीन माणूस घ्यायचा का, कुठल्या पेशंटकडे किती वेळ थांबायचं, हे सगळं टीम ठरवते. अडलं तर सल्ला द्यायला कोच असतो पण त्याला हुकूम द्यायचा अधिकार नाही. मॅनेजमेंटच्या सगळ्या कोर्सेसमध्ये हे उदाहरण देतात आणि ऐकणारे भारावून जातात.

पण त्याच संस्थेत काय काय मध्यवर्ती आहे ते कुणी विचारत नाही. पगार, बिलं, विमा कंपन्यांशी करार, हे सगळं एका छोट्या ऑफिसातून होतं. सगळ्या टीम्स एकच सॉफ्टवेअर वापरतात, पेशंटच्या नोंदी एकाच पद्धतीने करतात, आणि टीमचे किती तास पेशंटसोबत गेले नि किती इतर कामात, हा आकडा टीमला स्वतःला दिसतो आणि कोचलाही दिसतो. म्हणजे मोकळीक आहे ती या रटाळ गोष्टी कुणीतरी आधी पक्क्या करून ठेवल्यात म्हणून. डच माणूस जन्मतः जास्त जबाबदार असतो असं मला तरी एवढ्या वर्षांत आढळलेलं नाही, इथेही लोक टाळाटाळ करतात, फक्त ती लवकर दिसते.

पाण्याचं बघा. या देशात समुद्र-नद्यांचं पाणी थोपवणाऱ्या बहुतेक बंधाऱ्यांची देखभाल केंद्र सरकार करत नाही, जलमंडळं करतात, वॉटरस्खाप म्हणतात त्यांना. ती शेकडो वर्षं जुनी आहेत, त्यांची वेगळी निवडणूक होते, त्यांचा कर वेगळा. याहून विकेंद्रित काय असणार? आणि तरी ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत आला आणि या देशात १८३६ माणसं गेली. तेव्हा अशी मंडळं हजारोंनी होती, लहान लहान, प्रत्येकाचा बंधारा आपापल्या ऐपतीप्रमाणे. वादळाचा इशारा निघाला होता पण रेडिओ रात्री बंद व्हायचा, त्यामुळे तो झोपलेल्या गावांपर्यंत पोचलाच नाही. प्रत्येक गावाने आपापल्या तुकड्याची काळजी घेतली म्हणून पूर्ण किनारा सांभाळला जातो असं होत नाही, हे इथल्या लोकांनी फार महागात शिकलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मंडळं बंद केली नाहीत. एकत्र करत करत आज २१ उरलीत. पण बंधारा किती मजबूत पाहिजे हे ठरवणं त्यांच्या हातातून काढून कायद्यात टाकलं. पश्चिमेकडच्या दाट वस्तीसाठी तेव्हा मोजमाप धरलं दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पाण्याचं. बंधारा बांधायचा कसा, कुठली माती, कधी दुरुस्ती, ते मंडळाने बघावं. किती सुरक्षित, हे मात्र मतदानाला किंवा स्थानिक बजेटला सोडायचं नाही.

आणि पूर आला की काय होतं, तर मंडळाने ट्रेनिंग दिलेले स्वयंसेवक बंधाऱ्यावर फिरतात. शेतकरी, मास्तर, रिटायर्ड माणसं. प्रत्येकाला आपला तुकडा ठरलेला. बंधाऱ्याच्या कोरड्या बाजूला पाणी झिरपताना दिसलं की हा माणूस वाकून बघतो की पाणी नितळ आहे का त्याच्यातून वाळू येतेय, कारण नितळ असेल तर लक्ष ठेवायचं, वाळू येत असेल तर बंधारा आतून पोकळ होत चाललाय. हे ऑफिसात बसून कुठल्याही स्क्रीनवर कळत नाही. तो फोटो काढून कळवतो. गाव रिकामं करायचं का हे तो ठरवत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण त्याने "वाळू येतेय" असं कळवलं की "नक्की का, साहेबांना विचारून सांगतो" असं त्याला कुणी ऐकवत नाही.

रॉटरडॅमजवळ समुद्राचं पाणी अडवायला मासलांट नावाचे दोन अवाढव्य दरवाजे आहेत, १९९७ पासून. ते बंद केले की रॉटरडॅम बंदराची मोठी वाट बंद, म्हणजे प्रचंड नुकसान. हा निर्णय कुणाचा? कुणाचाच नाही. पाणी तीन मीटरच्या वर जाणार असा अंदाज आला की कॉम्प्युटर बंद करतो, डिसेंबर २०२३ मध्ये तसं झालंही. कारण अशा क्षणी दडपणाखाली माणूस चुकण्याची शक्यता जास्त असते. आणि हे ऐकून "तिकडचं काय सांगतोस" म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, मुंबईला फोन करून विचारावं लागत नाही. कोल्हापूरकरांना यात नवल वाटत नाही, बातमी येते तेव्हा सगळे फक्त कितवा दरवाजा उघडला एवढंच विचारतात.

आता ज्या निम्म्याबद्दल कुणाला ऐकायचं नसतं ते. कोविडमध्ये हाच विकेंद्रित, शहाणा नेदरलँड्स युरोपियन युनियनमध्ये लसीकरण सुरू करणारा शेवटचा देश ठरला, ६ जानेवारी २०२१ ला. इथे सार्वजनिक आरोग्याच्या २५ प्रादेशिक संस्था आहेत. लस आली तेव्हा आधी कुणाला, कुठे द्यायची, अपॉइंटमेंट कुठल्या सिस्टिममधून, हे ठरवण्यातच वेळ गेला. बैठका मात्र भरपूर झाल्या. इथे प्रत्येकाचं ऐकून घेतात, ते छान वाटतं, पण घाईच्या वेळी कधीकधी खोलीतला एकही माणूस "बास, आता हे करायचं" म्हणत नाही.

त्याच्या काही महिने आधी मुंबईत उलटं झालं होतं. बेडसाठी सगळे १९१६ या एकाच हेल्पलाइनवर फोन करत होते, ती कोलमडायला आली होती. तेव्हा आयुक्त इकबालसिंह चहल यांच्या काळात २४ वॉर्डांमध्ये २४ वॉर रूम्स झाल्या आणि बेड द्यायचं काम तिकडे गेलं. पण त्याच वेळी लॅबचे रिपोर्ट आधी महापालिकेकडे यायला लागले, तिथून वॉर्डनिहाय वाटले जायचे. रिपोर्ट थेट पेशंटला नाही यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण रचना बघा, माहिती एका जागी गोळा आणि निर्णय २४ जागी, आणि वॉर्डकडे नुसती यादी आली नाही तर बेड आणि अॅम्ब्युलन्सही आली.

हे शेवटचं वाक्य आपल्या चर्चेत कायम गळतं. आपल्याकडे मोकळीक म्हणजे बहुतेक वेळा जबाबदारी खाली आणि सही वर. आमच्याच टीममधलं सांगतो, मी यायच्या आधीचं. पुण्यातली टीम लीड रात्री ड्युटीवर. सर्व्हरची डिस्क भरत आली, प्रोसेसिंग बंद पडणार हे तिला दिसतंय, उपाय पण माहितीय, जागा वाढवायची, दहा मिनिटांचं काम. पण पैसे लागणार म्हणून अप्रूव्हल युरोपातून, आणि युरोप झोपलेला. तिने टूलमध्ये रिक्वेस्ट टाकली, तिघा जणांना फोन केले, मेसेज केले, शेवटी एकाने पहाटे उठून बटण दाबलं. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न काय, तर "सिस्टिम एवढा वेळ बंद का होती, तू काय करत होतीस?" या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या वर्षी पण "सक्षम टीम्स" अशी स्लाइड होतीच. अशा तीन रात्री काढल्यावर कुठलाही माणूस "करू का?" असं विचारूनच काम करायला लागतो, आणि मग इकडचे म्हणतात भारतातल्या टीमला इनिशिएटिव्ह नाही.

तेव्हा कडक की मोकळं, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. मी बघतो की चूक झाली तर ती परत फिरवता येते का, आणि ती एकाच तुकड्यात राहते का सगळीकडे पसरते. परत फिरत नसेल किंवा पसरणार असेल तर वर ठेवा, नियम आधीच लिहा, जमलं तर त्या मासलांटसारखं माणसाच्या हातातच देऊ नका. बाकीचं ज्याला वाळू दिसतेय त्याच्याकडे, पैशांसकट. अनिश्चितता वाढली की वरच्या माणसाची पहिली इच्छा उलटी असते, सगळं आपल्याकडे ओढायची, रोज दोनदा रिपोर्ट मागायची. भीतीपोटी होतं ते, मला कळतं. पण तेव्हाच त्याच्याकडची माहिती सगळ्यात शिळी असते.

आणि समजा ओढलंच, कधीकधी ओढावंच लागतं, तर परत कधी सोडणार? यावर ग्रुपवरची कडक पार्टी गप्प असते. इथे मोठी आपत्ती आली की ग्रिप नावाच्या पायऱ्या आहेत, एका जागेपुरत्या घटनेला पहिली, एकापेक्षा जास्त गावांना फटका बसला की चौथी, आणि चौथीला गावोगावच्या महापौरांचे काही अधिकार त्या विभागाच्या एका अध्यक्षाकडे जातात. मार्च २०२० मध्ये तसे गेले. डिसेंबर २०२० च्या कोविड कायद्याने त्यातले बरेच महापौरांकडे परत आले, आणि त्या कायद्याला दर तीन महिन्यांनी मुदतवाढ लागायची. मे २०२२ मध्ये वरच्या सभागृहाने मुदतवाढ नाकारली, कायदा संपला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेच्या २४३-यू कलमात स्पष्ट आहे. आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारखा, असं करत मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. प्रशासकाने कामं केली का, काही ठिकाणी नक्कीच केली असतील, मी इथून काय सांगणार. पण माझ्या आई-वडिलांच्या सोसायटीसमोरचं चेंबर तुंबलं की आधी निदान नगरसेवकाच्या घरी जाऊन ओरडता यायचं, या काळात फक्त अॅपवर तक्रार टाकायची आणि "निकाली काढली" असा मेसेज यायची वाट बघायची, चेंबर तुंबलेलंच.

आमच्या टीमपुरतं म्हणाल तर पुण्याच्या लीडला एका ठराविक रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा अधिकार मिळालाय. फायनान्सवाल्यांनी "गैरवापर झाला तर?" असं विचारत मागितलेली रक्कम निम्मी केली, तरी झालं ते बरं. उलट ग्राहकाचा डेटा कायमचा डिलीट करायला आता दोन सह्या लागतात, दोन्ही ऑफिसांना. आणि याला सगळ्यात जास्त विरोध पुण्यातून नाही, इथल्या एका डच सीनियरकडून होतोय, त्याचं म्हणणं पंधरा वर्षं मी हे एकटा करतोय, आजवर काय बिघडलं? पुढच्या मीटिंगला हा विषय परत निघणार आहे आणि माझं मत मी बदलणार नाहीये.