मिस्टर इंडिया नक्की कोणता?
'मिस्टर इंडिया' किताब आणि त्याभोवतीचे वाद यांवरच्या तुमच्या लेखात ही जणू एकच स्पर्धा असल्यासारखं लिहिलंय. तसं नाही हो. जॉन अब्राहम १९९९ला जिंकला ती ग्लॅडरॅग्ज मासिकाची 'मॅनहंट' ही पुरुष मॉडेल्सची स्पर्धा. रोहित खंडेलवाल २०१५चा मिस्टर इंडिया आणि २०१६ला इंग्लंडमधल्या साउथपोर्टला मिस्टर वर्ल्ड, तोही पहिला भारतीय. आमच्या कळव्याच्या व्यायामशाळेत मात्र अजून 'भारत श्री' या शरीरसौष्ठवाच्या किताबालाच मान, बाकी सगळे 'मॉडेल'!

वादांबद्दल म्हणाल तर या स्पर्धांच्या गल्लीबोळातल्या नकलांवरही लिहा. माझ्या भाच्याने घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये साडेतीन हजार भरले, पोर्टफोलिओचे वेगळे. मुलं वीस, किताब सतरा! याला 'मिस्टर फोटोजेनिक'चा सॅश मिळाला, स्पेलिंग चुकलेला. फोटो अजून आलेले नाहीत.