राजा आठवतो, मोतीभाई नाही

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा फोटो टाकला. लोखंडी कपाटांच्या ओळी आणि त्यांच्यामधली ती काचेची जमीन, जिच्यावर पाय ठेवायला लहानपणी भीती वाटायची. दहा मिनिटांत वाद पेटला. एक म्हणाला, "सगळं मोबाईलवर मिळतंय, सरकारने या कपाटांवर पैसे कशाला घालायचे?" दुसरा उसळून म्हणाला, "सयाजीराव महाराज असते तर ही वेळच आली नसती." बाकीच्यांनी दोघांनाही अंगठे दिले. बडोदेकर माणूस असाच, कुणाला दुखवत नाही.

मला मात्र दोघांचंही पटलं नाही. मी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहतो, न्यू हेवनपासून अर्ध्या तासावर. मोबाईलवर फुकट मिळतं असं वाटणाऱ्या पुस्तकाची लायब्ररीला काय किंमत पडते, ते मला इथे कळलं. छापील पुस्तक लायब्ररी एकदा विकत घेते आणि फाटेपर्यंत वापरते. ई-पुस्तक तिच्या मालकीचं होतच नाही. एका प्रतीच्या परवान्याला पन्नास-साठ डॉलर, आणि बऱ्याचदा दोन वर्षांनी तो संपतो. एका बड्या प्रकाशकाने 2011 मध्ये सव्वीस वाचकांनंतर पुस्तक बंद, असाही नियम केला होता. म्हणजे सत्ताविसावा वाचक आला की पुन्हा पैसे मोजा.

याविरुद्ध इथल्या ग्रंथपालांच्या संघटनांनी काही वर्षं विधिमंडळाचा पिच्छा पुरवला. आमच्या गावच्या ग्रंथपालबाईंनी काउंटरवर चिठ्ठी लावली होती: राजधानीत, हार्टफर्डला सुनावणी आहे, कुणी बोलेल का? मी नाव दिलं. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर घड्याळ. माझं इंग्रजी अडखळतं, त्यात घड्याळाकडे बघून घशाला कोरड पडली. माझ्या आधी एक निवृत्त शिक्षक बोलले, नंतर दोन लहान मुलांची आई. आमदार ऐकत होते, काहीजण फोन बघत होते. 2025 साली कायदा झाला. मुदतीची आणि वाचकसंख्येची, अशा दोन्ही अटी एकाच वेळी घालणारे करार लायब्ररीने करायचे नाहीत. पण मेख अशी की सत्तर लाख लोकसंख्या भरेल इतक्या दुसऱ्या राज्यांनी तसाच कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणजे काम अर्धंच झालंय. तरीही मागण्याची एक रीत इथे आहे, आणि ती ग्रंथपालांनी बसवलेली आहे. त्यांची राज्य संघटना 1891 सालची.

आता महाराजांकडे वळतो. सयाजीराव हे थोर, यात वाद नाही. सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1906 साली, आणि शिकलेला माणूस पुन्हा अक्षरं विसरू नये म्हणून 1910 मध्ये वाचनालयांचं खातं. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं लोकांसाठी दिली. खातं उभं करायला विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, तोही न्यू हेवनचाच. तिथल्या 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट'च्या लायब्ररीत त्याने स्वतःची वर्गीकरण पद्धत बसवली होती, आणि ती आजही तिथे चालू आहे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कपाटांपुढे उगाच रेंगाळलो. याच हाताने पुढे आमच्या बडोद्याची पुस्तकं लावली. बॉर्डन तीन वर्षं राहिला, त्याने ग्रंथपालांना शिकवायचे वर्ग काढले, आणि परत गेला.

आपल्याला आठवतो तो एवढाच भाग. राजाने दिलं, गोऱ्या साहेबाने मांडलं. त्यानंतरची माणसं कुणाच्या तोंडी नाहीत. बॉर्डननंतर खातं सांभाळलं आपल्याच जनार्दन सखाराम कुडाळकरांनी. 1912 पासून बडोद्यातून ग्रंथपालांचं एक त्रैमासिक निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. देशात इतरत्र असं काही निघण्याआधी. आणि गुजरातेतल्या चरोतर भागातल्या वसो गावचे मोतीभाई अमीन, पेशाने शिक्षक. राजाने खातं काढायच्या आधीपासून ते गावोगाव मित्रमंडळं काढून पुस्तकं फिरवत होते.

गावात वाचनालय हवं तर नियम काय होता, हे ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. एक तृतीयांश पैसे गावाने उभे करायचे, एक तृतीयांश जिल्ह्याच्या पंचायतीने, एक तृतीयांश सरकारने. आधी गावाने स्वतःची पिशवी उलटी करायची, मग राजाचा हात पुढे येणार. लाकडी पेट्यांतून पंधरा-तीस पुस्तकं गावी यायची, पण तीसुद्धा कुणीतरी मागवायला लागायची. असा मागणारा माणूस गावोगाव तयार केला तो मोतीभाईंसारख्यांनी. 1924 साली त्यांनी पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ काढलं. वाचनालयांनीच सभासद व्हायचं, पुस्तकं आणि सामान एकत्र घ्यायचं. राजा गादीवर असताना ही माणसं त्याच्या कृपेवर विसंबून बसली नव्हती, आणि "महाराज असते तर" म्हणणाऱ्याला मी तेच सांगितलं.

मग मित्राने वर्मावर बोट ठेवलं. "तुमच्याकडे ग्रंथपालाला नोकरीची हमी. इथे मागणारा कंत्राटावर. तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी तो नसतो." खरं आहे. ज्या संस्थेचं वीजबिल सरकारी अनुदानावर भरतं, तिच्याकडून सरकारशी भांडायची अपेक्षा करणं सोपं, तेही सात समुद्रापलीकडून. आणि इकडे सगळं गोड आहे असंही नाही. कनेक्टिकटमध्ये लायब्ररीचे पैसे प्रामुख्याने गावाच्या मालमत्ता करातून येतात, आणि कित्येक गावांत बजेटवर लोक मत देतात. कर वाढतोय म्हटलं की पहिली कात्री लायब्ररीच्या तासांना. आमच्याकडे एक वर्ष शनिवारी दुपारी कुलूप होतं.

पण त्यात एक फरक आहे: इथे पैसा ठरलेल्या करातून येतो. आपल्याकडे ग्रंथालयांचा कायदा कर्नाटकात 1965 ला झाला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर आला. महाराष्ट्रात 1967 चा कायदा, गुजरातेत 2001 चा, पण उपकर दोन्हीकडे नाही. वाचनालयाचा हक्काचा पैसा नाही, म्हणून दरवर्षी निवेदन. साहेबांना गुच्छ, निवेदन, फोटो, पेपरात बातमी. या फोटोत वाचक कधीच दिसत नाही. 2018 मध्ये साहित्य संमेलन बडोद्यात झालं, आपण सगळे मिरवलो. गावातल्या वाचनालयातल्या माणसाच्या पगारासाठी त्यातले किती रांगेत उभे राहिले असते? मी स्वतःही तिथे असताना नसतो राहिलो. हार्टफर्डला गेलो कारण एका बाईंनी चिठ्ठी लावली होती.

हे सगळं मी लायब्ररीत आयुष्य काढलेल्या, रावपुऱ्यात राहणाऱ्या एका काकांना फोनवर सांगितलं. डिसेंबरात येतोय, वाचकांना घेऊन एक निवेदन तरी देऊ, म्हटलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथे तीन मिनिटं देतात म्हणालास ना? घड्याळ लावून?"

"हो."

"आम्हाला घड्याळही चालेल रे. साहेब जागेवर असले पाहिजेत."