गुटीतली गाठ आणि सोटमुळाचा प्रश्न

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी सांगितल्याप्रमाणे वडाच्या फांदीला गुटी बांधली (म्हणजे फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ बांधलं, मुळ्या फुटल्या की फांदी कापून वेगळं झाड करायला), तर दोन महिन्यांनी मुळ्यांऐवजी नुसती गाठ निघाली, ही तुमची तक्रार. आणि गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून खरं बोन्साय बियापासूनच, हे तुमचं म्हणणं.

गाठीची चूक माझी. ‘साल काढा’ एवढंच लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहून गेली. साल सोलल्यावर लाकडावर ओलसर, निसरडा थर उरतो. बोटाला कोरडं लाकूड लागेपर्यंत तो सुरीच्या पाठीने खरवडायचा. तो राहिला की साल पुन्हा जुळते आणि पानांनी केलेलं अन्न खाली वाहू लागतं. ते वरच्या कडेशी अडून साठलं तरच तिथे मुळ्या फुटतात. पाणी आतल्या लाकडातून चढतच असतं, म्हणून फांदी वाळत नाही. सोललेली पट्टी फांदीच्या जाडीच्या दीडपट तरी रुंद हवी, आणि वडाचा चीक ओल्या फडक्याने पुसायला हवा.

तुमची गाठ हिरवी असेल तर कापू नका. तिच्या लगेच खाली पुन्हा सोला, खरवडा, पिळून घेतलेलं ओलं शेवाळ गच्च बांधा.

सोटमुळाचं मात्र मला पटत नाही. चार बोटं खोल ट्रेमध्ये ते ठेवणार कुठे? बियाच्या रोपाचंही आपण कुंडी बदलताना छाटतोच. बोन्सायला हवा बुंध्याभोवती चहूकडे पसरलेला मुळांचा घेर, जपानी लोक ज्याला नेबारी म्हणतात. गुटीत मुळ्या त्या कडेभोवती एकाच पातळीवर फुटतात, म्हणून हा घेर बियाच्या रोपापेक्षा सहज साधतो. बुंधा वाईट असलेल्या झाडालाही जपानमध्ये मुद्दाम गुटी बांधतात, त्याला ‘तोरिकी’ म्हणतात. आपल्याकडे सांगोल्याच्या डाळिंबबागा बघा, कित्येक गुटीच्या रोपांवर उभ्या आहेत. बी लावून ‘भगवा’ या डाळिंबाच्या वाणाला भगवाच येईल याची खात्री नसते.

माझ्या डाळिंबाच्या अंगठ्याएवढ्या फांदीला गेल्या आषाढात गुटी बांधली होती. महिनाभराने प्लास्टिकमागे पांढऱ्या मुळ्या दिसल्या, तेव्हा हात शिवशिवत होते. पण त्या तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबलो, मगच फांदी कापली. आता मूळ झाडाला त्याच जागी दोन नवे कोंब आहेत.

तुम्हीही मुळ्या तपकिरी झाल्याशिवाय करवत लावू नका.